चपलेला बाहेरची वाट

ओकासान म्हणजे माझ्या जपानी सासूबाई. त्या गेल्या वर्षी गेल्या, तरी योकोहामाच्या आमच्या घरात चपला अजून कपाटात जात नाहीत. इथे घरोघरी दाराशी चपलांचं कपाट असतं. आमच्या कपाटात कांदे आणि छत्र्या. हिगाशी-कसाईच्या भारतीय वस्तीतून मराठी मंडळी जेवायला आली की दाराशी चपलांचा ढीग पडायचा. आत गप्पा रंगलेल्या असताना ओकासान उकिडव्या बसून एकेक जोड दाराकडे तोंड करून लावायच्या.

"राहू द्या हो, ओकासान," मी ओशाळून म्हणायचे.

"चपलेला बाहेरची वाट दिसली पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला ते जपानी वळण वाटायचं, आणि खरं सांगायचं तर जरा जाचच. माझी लेक हाना तर मुद्दाम एक चप्पल इकडे, एक तिकडे भिरकवायची.

आमच्या घरामागच्या टेकडीत युद्धकाळातलं भुयार आहे. बॉम्ब पडायला लागले की सगळी वस्ती तिथे लपायची. आता त्याचं संग्रहालय केलंय. शाळेने हानाला ते आजीबरोबर बघून यायला सांगितलं. ओकासान एरवी स्टेशनलासुद्धा टेकडीला वळसा घालून जायच्या, पण नातीपुढे त्यांचं काही चालेना. मीही दोघींबरोबर गेले.

आत हेल्मेट घालून वाकूनच चालायचं. भिंती ओल्या, हवा कोंदट. मागचा उजेड दिसेनासा झाला आणि माझा जीव घुसमटला. ओकासाननी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखायला लागलं.

एका कोपऱ्यात, दोरीपलीकडे, त्या काळच्या लाकडी चपला मांडल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्या बघून ओकासान मटकन खाली बसल्या.

"बाहेर आग लागली. धूर आत आला," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, तू पळ, मी तुझ्या चपला घेऊन येते. अंधारात सगळ्यांच्या चपला एकमेकींत मिसळल्या होत्या. मी अनवाणीच पळाले."

"आणि आई?" हानाने विचारलं.

"शोधतच राहिली."

मला रडू आवरेना. ओकासान मात्र दोरीखालून हात घालून एकेक जोड फिरवू लागल्या. "आजी, कृपा करून हात लावू नका," म्हणत तिथला माणूस धावत आला. हाना त्याच्या वाटेत आडवी बसली. सगळ्यांत लहान जोड उचलून तिने आजीच्या हातात दिला.

ओकासाननी तो नीट ठेवला, बाहेरच्या वाटेकडे तोंड करून.

"आता सापडतील तिला," त्या म्हणाल्या. "चला."