दार लावून रागावणाऱ्या करुणा सिस्टर

करुणा सिस्टर गेल्याचा फोन आला, आणि तासाभरात मी भर वॉर्डात एका मुलीला रडवलं.

प्रणाली. आमची नवी नर्स. रक्ताच्या नमुन्यावर नाव लिहायला विसरली. पेशंट आजींना पुन्हा सुई टोचावी लागली.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर घरी बस."

ज्या खुर्चीच्या जोरावर बोलले, ती करुणा सिस्टरांची. रिटायर होताना वॉर्डचा चार्ज त्यांनी माझ्याकडे दिला होता.

आम्ही कोकणी माणसं फणसासारखी म्हणे, वरून काटे, आत गरे. माझ्या वॉर्डात गरे अजून कुणाला सापडलेले नाहीत.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले एक आजोबा सकाळपासून म्हणत होते, "पोरी, घोटभर चहा दे गं."
मला दया आली. दिला. वर खारीही दिली.

ऑपरेशन रद्द.

त्यांचा मुलगा वॉर्डात येऊन ओरडायला लागला, "चहा दिला कोणी?"
मी औषधांच्या ट्रॉलीमागे सरकले.

करुणा सिस्टर पुढे झाल्या.
"वॉर्ड माझा आहे. चूक माझी."
मग आजोबांपुढे हात जोडले. "बाबा, माफ करा. तुम्हाला परत उपाशी राहावं लागणार."

नंतर मला चादरी ठेवायच्या लिनन रूममध्ये नेलं आणि दार लावलं. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

"का दिलास?"
"दया आली, सिस्टर."
"दया आली ते बरोबर. विचारलं नाहीस ते चूक. आता महिनाभर उपाशी पेशंटच्या खाटेवर पाटी तू लावायचीस. मी रोज तपासणार."

रोज तपासली. एक दिवस सोडला नाही. आवाज मात्र एकदाही चढला नाही.

ड्यूटीवर आल्या की पहिलं बेडपॅन त्या स्वतः उचलायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी आहेत ना, तुम्ही कशाला?"
"आमच्या प्रभू येशूने कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले गं. मी कोण मोठी लागून गेले?"

"पण इतकं मऊ राहिलात तर लोक डोक्यावर मिरे वाटतील!"
"वाटू देत. हात त्यांचेच दुखतील."

मी तेव्हा हसले होते. आज वॉर्डातून बाहेर येऊन जिन्यात रडले. त्या गेल्या म्हणून, आणि त्यांच्या खुर्चीत बसून मी जे बोलले त्यासाठीही.

प्रणाली संध्याकाळी म्हणाली, "मॅडम, मी राजीनामा देते."

प्रणाली, ही पोस्ट तू वाचशीलच. पण फोनवर टाइप केलेली माफी स्वस्त असते.

उद्या सकाळी सातला ये. ओरडले सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर मागेन. आजींसमोर, मावशींसमोर. आजींची माफी मीच मागेन. वॉर्ड माझा आहे.

मग तुला लिनन रूममध्ये नेईन आणि दार लावेन. नाव का राहिलं, ते तिथे विचारेन. ते काही सोडणार नाही.

आणि उद्यापासून पहिलं बेडपॅन माझं.

सिस्टर, दुपारी नाहूरला तुमच्या घरी येतेच आहे, शेवटचं भेटायला. सकाळचं काम उरकूनच येईन, नाहीतर तुमच्यासमोर उभी कुठल्या तोंडाने राहू?

शांतपणे निघा आता. चार्ज आज घेतला मी.