एका श्वासाचा कोरस

थानासिस काराव्हासला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती अशी की बायकोला समजावून सांगतानाही त्याची पंचाईत व्हायची. त्याला पंधरा माणसं एका माणसासारखी बोलताना ऐकायची होती. ग्रीक नाटकात अशा घोळक्याला कोरस म्हणतात. सगळ्यांनी एकदम बोलायचं, पण शाळेतल्या कवायतीसारखं नव्हे. एकाच छातीतून आल्यासारखं.

तिशीत त्याने ग्रीसमध्ये यासाठी एक सिनेमा काढला. व्होलोस या आपल्या बंदराच्या गावातले कोळी धक्क्यावर उभे केले आणि त्यांना एकत्र संवाद दिले. एका समीक्षकाने लिहिलं की गावकरी बस चुकल्यासारखे दिसतात. सिनेमा आठवडाभर चालला, तोही थिएटरचा मालक मामा होता म्हणून. पुढे अथेन्समध्ये नाटकं केली, त्यांतही कोरस फसला. मग अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात नाटक शिकवायची नोकरी मिळाली. पोरांचा त्याच्यावर जीव होता, पण प्रत्येकाला आपलं दुःख शेजारच्यापेक्षा दोन बोटं उंच दाखवायचं असे. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या केकवरसुद्धा त्याचं नाव चुकलेलं होतं.

सत्तरी उलटल्यावर त्याने स्वतः इंग्रजीत लिहिलेलं नाटक हाती घेतलं. परत न आलेल्या बोटीची वाट पाहणारं एक गाव, एवढीच गोष्ट. मार्चसाठी छोटा हॉल मिळाला, मुख्य नट मिळाले, कोरस काही मिळेना. या वेळीही फसलं तर पुन्हा नाटकाचं नाव काढणार नाही, असं त्याने बायकोच्या फोटोला सांगून टाकलं.

शेजारच्या पद्मजाकाकू म्हणजे जन्मभर लोकांना भूल देऊन निवृत्त झालेल्या डॉक्टर. गणपतीत त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. मोदकांच्या आशेने तो आरतीला उभा राहिला. आरतीत काही मेळ नव्हता. झांजा एकीकडे, सूर दुसरीकडे, टाळ्या भलतीकडेच. पण आरती संपली, सगळ्यांनी हातात फुलं घेतली आणि संथपणे मंत्र म्हणायला सुरुवात केली, तसा थानासिसच्या अंगावर काटा आला. पांढऱ्या केसांचे डॉक्टर, टेक्सासमधल्या अर्विंगहून आलेला कुणाचा तरी जावई, 'हो' आणि 'नको' एवढंच मराठी येणारी काकूंची मुलगी आन्या, सगळे एकाच जागी थांबत होते, एकदम ओढत होते, एकदम सोडत होते. थानासिसच्या हातातली फुलं वाहायची राहून गेली.

जेवताना त्याने विचारलं, हे बसवलं कुणी? काकू म्हणाल्या, यात बसवायचं काय?

त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना नाटकात घेतलं. मराठी माणूस स्टेजला नाही म्हणत नाही. मात्र घोळक्यात उभं राहायचंय, एकट्याला वाक्य नाही, हे कळल्यावर काहींना अचानक गुडघेदुखी आठवली. तरी पंधरा उरले. थानासिस हे नाव जिभेला जड, म्हणून पहिल्याच तालमीत त्याचा 'ठाणेकर' झाला. आणि पहिल्याच तालमीत पंधराही जणांनी त्याला दिग्दर्शनाबद्दल सूचना केल्या.

तालमी बसेनात. थानासिसने प्रत्येक वाक्याला मात्रा लावून दिल्या: इथे चार आकडे मोजा, इथे श्वास घ्या. मंडळी बहुतेक इंजिनिअर. मोजा म्हटल्यावर मोजणारच. ओठांवर आकडे, डोळे कागदात, आणि ऐकायला यायचं ते लिफ्टने मजल्यांची नावं सांगितल्यासारखं. फेब्रुवारी आला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. एका संध्याकाळी थानासिसने संहिता मिटली.

"डॉक्टर, मी हॉल कॅन्सल करतोय."

"करा," काकू म्हणाल्या. "पण मला सांगा, गणपतीत आम्ही मोजत होतो का?"

"मग काय करत होता?"

काकूंनी याचा कधी विचारच केला नव्हता. पण दुसऱ्याच्या छातीकडे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि नजर चंद्रशेखरकाकांवर थांबली. काका सगळ्यांत वयस्कर, मूळचे नागपूरचे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि दमेकरी.

"यांची वाट बघत होतो," त्या म्हणाल्या. "यांचा श्वास भरेपर्यंत कुणी पुढे जात नाही."

कुणी तसं ठरवलेलं नव्हतं. खुद्द काकांनाही पत्ता नव्हता, आणि ते चांगलेच दुखावले.

"म्हणजे मी स्लो आहे म्हणता?"

"You're the lead, काका," आन्या म्हणाली.

काकांची कॉलर ताठ झाली. थानासिसने मात्रांचे कागद गोळा करून टोपलीत टाकले, काकांना मधोमध उभं केलं आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन गप्प बसला. सगळ्यात अवघड काम तेच होतं.

प्रयोगाला हॉल भरला. बोट येणार नाही, हे गावाला कळतं आणि कोरसचं एक शेवटचं वाक्य उरतं, तिथवर सगळं सुरळीत आलं. आणि काका थांबले. संहितेत तिथे थांबायचं नव्हतं. काकांबरोबर चौदा जण थांबले. कुणी मान वळवली नाही, कुणी खाकरलं नाही. मग हॉल थांबला. मिशिगनच्या थंडीत सर्दीने भरलेला हॉल, पण एक शिंक नाही. विंगेत थानासिसने पडदा मुठीत आवळून धरला होता. काकांची छाती भरली. पंधरा छात्या भरल्या. वाक्य आलं ते एकाच माणसाचं: आम्ही इथेच उभे आहोत.

लोक उठून उभे राहिले, आणि बराच वेळ कुणी बसायला तयार नव्हतं. व्होलोसच्या धक्क्यावर जे राहून गेलं होतं, ते बर्फातल्या या गावात, स्वेटर घातलेल्या पंधरा जणांनी करून दाखवलं होतं. थानासिस रडत रंगपटात आला आणि काकांना मिठी मारून विचारू लागला, ती जागा सुचली कशी?

काका ओशाळले. "खोकला येऊ नये म्हणून दाढेत लवंग धरली होती," ते म्हणाले. "ती घशाकडे सरकली."

थानासिस इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला तिसरी घंटा व्हायच्या आधी तो विंगेत काकांसमोर उभा राहिला आणि तळहात पुढे केला. तळहातावर एक लवंग होती.

"त्याच वाक्याला," तो म्हणाला.

काकांनी ती मुकाट्याने दाढेत धरली. त्या मंडळींनी वाद न घालता ऐकलेली दिग्दर्शकाची ती पहिलीच सूचना.