मौतीची सुट्टी

अकोल्याच्या जठारपेठेत अनीसाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक भिंग आणि मागं खिळ्याला टांगलेली, सुटे भाग काढून घेतलेल्या बंद फोनांची पिशवी. नवरा होता तेव्हा तो दुरुस्ती करायचा आणि ती घरून डबा पाठवायची. तो गेला तसं दिरानं दुकान विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकसुद्धा दारात आणून उभं केलं. अनीसानं त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला, दुकानाची किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "दुकान चालू हाय." काम तिनं नंतर शिकून घेतलं. शिकता शिकता किती जणांचे चांगले फोन तिच्या हातून कायमचे गेले ते पेठेतल्या लोकांना विचारा, अजून हसून सांगतात.

तर ही बाई वऱ्हाडातल्या पोरांची गेमची लीग चालवत होती. ऐकणाऱ्याला नवल वाटायचं, पण त्यात नवल काही नव्हतं. कपाशीवर बोंडअळी येऊन बसली होती, सोयाबीनला भाव नव्हता, भरतीच्या जाहिराती निघायच्या आणि परीक्षा व्हायच्या नाहीत. अशात नेट स्वस्त झालं आणि रिकाम्या पोरांच्या हातात फोन आले. चार पोरं इकडची, चार तिकडची, पडद्यावर एक ओसाड गोदाम आणि दोन्हीकडे बंदुका, असा तो खेळ. फोन दुरुस्त होईस्तोवर पोरं दुकानाच्या पायरीवर बसून खेळायची आणि कोणी लबाडी केली यावरून एकमेकांच्या गचांड्या धरायची. एक दिवस अनीसाचं डोकं उठलं. "आता मी सांगीन कोण जिंकलं ते," ती म्हणाली, "अन् माह्यावर कोणी बोलन त्याचा फोन मी दुरुस्त करणार नाही." लीगचा पाया असा धमकीवर घातला गेला आणि म्हणूनच तो टिकला. त्याआधी निघालेल्या लीगा भांडणापायी पहिल्याच मोसमात बुडाल्या होत्या.

अकोल्याचे संघ आले, अमरावतीचे आले, तिवस्याचा आला. धारणीची पोरं तर रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून खेळायची आणि मध्येच एखादा "थांबा आपा, खाली अस्वल दिसून राहिलं" म्हणून सगळ्यांना घाबरवायचा. सगळी तिला आपा म्हणत, मग तो मोमिनांचा असो की पाटलांचा. लीगच्या ग्रुपवर निकालापेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त चालायच्या. कोणाला रक्त पाहिजे, कोणाच्या बहिणीचं लग्न आहे, कोणाची म्हैस सुटली आहे. ईदला आपानं शीरखुर्म्याचा फोटो टाकला की "फोटोनं पोट भरते काय?" म्हणून पोरं दिवसभर तिला छळायची. गंमत म्हणजे या पोरांना ती नुसत्या आवाजावरून ओळखायची. अकोल्याबाहेरच्या एकाचंही तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं.

मौतीची सुट्टी ही या लीगचीच रीत. पहिल्या मोसमात धारणीच्या एका पोराचा भाऊ वारला. सामना त्याच दिवशी होता. समोरच्या संघानं आपणहून सांगितलं, आपा, त्याच्या घरी सुतक आहे, आम्ही नाही खेळत, सामना पुढं ढकला. अनीसाचे डोळे भरून आले. घरात मौत झाली तर तेरवी होईस्तोवर सामना पुढं, असं तिनं तिथल्या तिथं जाहीर केलं. कुठल्या मोठ्या लीगमध्ये असा नियम असेल असं मला वाटत नाही. आमच्या वऱ्हाडात तो कोणाला समजावून सांगावाही लागला नाही.

पण पोरं ती पोरंच. सराव कमी पडला की कोणाचा तरी काका मरायला लागला. सगळ्यांवर कडी केली तिवस्याच्या कुलदीपनं. तिवस्याच्या संघाचा तो कप्तान, विशीतला, जिभेला हाड नसलेला. खेळता खेळता त्याचं तोंड असं चालायचं की समोरच्यांचे हसून हसून नेम चुकायचे. त्याची आजी एका मोसमात वारली आणि पुढच्या मोसमात पुन्हा वारली. "पहिली आईची आई होती आपा, हे बापाची आई," त्यानं सांगितलं. अमरावतीचा कप्तान फरदीन मोठा खोडकर आणि चौकस, त्यानं पाळंमुळं खणून काढली. कुलदीपच्या दोन्ही आज्या तो पाळण्यात असतानाच गेल्या होत्या! ग्रुपवर आठवडाभर त्या दोघींना श्रद्धांजली वाहणं चाललं.

सगळे हसले, अनीसा हसली नाही. तिला राग आला तो आपण दिलेल्या मायेचा पोरांनी खेळ केला याचा. तिनं नवा नियम घातला. मौतीची सुट्टी पाहिजे असेल तर घरच्या मोठ्या माणसानं आपाला स्वतः फोन करायचा, पोरांचं ऐकलं जाणार नाही. आणि अशी सुट्टी न घेता जो संघ येणार नाही तो पुढच्या मोसमालाही बाद. नियम लागू पडला. खोटे काका मरायचे थांबले. खरी मौत झाली की कोणाचा बाप, कोणाचा मोठा भाऊ फोन करायचा आणि सुट्टीचं दोन शब्दांत सांगून झालं तरी बराच वेळ बोलत राहायचा. अनीसा हातातलं काम बाजूला ठेवून ऐकून घ्यायची. त्या वर्षांत तिला असे फोन बरेच आले.

तो रविवार फवारणीच्या दिवसांतला. दुपारी तिवसा आणि अमरावतीचा सामना होता, जो जिंकेल तो अंतिम फेरीत. सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक अनीसाशी हुज्जत घालत उभं होतं. तेवढ्यात कुलदीपचा फोन आला.

"आपा, आज सामना नाही जमत. घरी मौत झाली."

"कोणाची?" अनीसा म्हणाली. तो काही बोलायच्या आत तिनंच पुढं विचारलं, "आजीची? तिसऱ्यांदा?"

तिनं गिऱ्हाइकाला हातानं थांबायची खूण केली.

"नेम माहीत हाय ना तुले? घरच्या मोठ्या माणसाले फोन कराले सांग."

"घरात मोठा आता मीच हावो, आपा."

अनीसाला वाटलं, पोरगा तोंड वर करून बोलतो आहे. समोरचं गिऱ्हाईक टेबलावर बोटं वाजवत होतं. "मोठा हायेस तर टायमावर ये," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. एवढं बोलायला तिला कितीसा वेळ लागला असेल!

दुपारी कुलदीप ऑनलाइन आला. सामन्याआधी प्रत्येकानं आपलं नाव बोलून हजेरी द्यायची असे, त्यात त्यानं नाव सांगितलं आणि माईक बंद केला. नेहमी टकळी चालवणारा कप्तान गप्प म्हटल्यावर त्याचे तिघे गोंधळले. फरदीननंही दोनदा चिडवून पाहिलं. पहिले काही डाव कुलदीप असा खेळला की अनीसा बघतच राहिली. अंगावर धावून जात होता, आड लपणं नाही, थांबणं नाही. आणि मग शेवटच्या डावात तो गोदामाच्या मधोमध उघड्यावर उभा राहिला आणि हललाच नाही. फरदीननं त्याला पाडलं. अमरावती अंतिम फेरीत गेली. अनीसानं निकाल टाकला आणि खाली लिहिलं, राग घरी ठेवून खेळायला यावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फरदीनचा फोन आला. नेहमीचा चावटपणा आवाजात नव्हता.

"आपा, ते जिंकणं वापस घ्या. मले नाही पाहिजे."

"काहून? काय झालं?"

"कुलदीपचा बाप गेला. काल सकाळीच."

खुशालराव, कुलदीपचा बाप, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं फवारणी करायचा. पाठीवर पंप, तोंडाला गमछा. औषध अंगात भिनलं, अमरावतीला दवाखान्यात नेलं, तिथं दोन दिवस तडफडून गेला. कागद पुरे होऊन प्रेत हाती मिळायला दुपार झाली. तेवढ्या वेळात दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाच्या झाडाखाली बसून कुलदीप खेळला. आपण गेलो नाही तर बाकीचे तिघे दोन मोसम बाद होतात, हेच त्याच्या डोक्यात. मामा देवराव प्रेत मिळाल्याचं सांगायला आला, तर भाचा फोन आडवा धरून अंगठे चालवतो आहे. सगळ्यांसमोर त्यानं कुलदीपच्या कानाखाली काढली. बाप तिथं थंडा पडला अन् पोट्टा गेम खेयत होता, ही गोष्ट मयतीच्या आधी तिवस्यात पोचली.

"मायसुद्धा बोलून नाही राहिली त्याच्यासंग," फरदीन म्हणाला. "अन् आपा, त्या आज्या मारल्या होत्या ना त्यानं? तवा तो बापासंग फवारणीले जात होता. मजुरीले जातो म्हणाची लाज वाटे त्याले."

फोन ठेवल्यावर अनीसानं ग्रुपवरचं आपलं ते वाक्य खोडलं. खोडून काय होणार होतं, ऐंशी पोरांनी ते वाचलं होतं. त्या रात्री कुलदीपला तिनं पुन्हा पुन्हा फोन लावला, त्यानं उचलला नाही. माफी त्याच्यापाशी मागून भागणारही नव्हतं. पोराच्या तोंडाला जे काळं लागलं होतं ते गावासमोर लागलं होतं, पुसायचं तर तिथंच पुसावं लागणार होतं. अंतिम सामना तिनं पुढं ढकलला आणि तेरवीच्या दिवशी सगळे नातेवाईक जमतील असं बघून ती निघाली. अकोल्याहून अमरावती आणि तिथून नागपूरच्या गाडीनं तिवसा. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी हिरवीगार उभी होती आणि खिडकीतून औषधाचा वास येत होता. तिनं बुरख्याची ओढणी नाकाला लावली.

घर शोधावं लागलं नाही, दारात मांडव होता. जेवणाची पंगत उठत होती. बुरखा घातलेली अनोळखी बाई मांडवात आली तशी माणसं बोलायची थांबली. मुंडण केलेली तीन-चार पोरं पत्रावळी उचलत होती. यातला कुलदीप कोणता, तिला कळेना. मग एकानं दुसऱ्याला "पाणी आण बे" म्हटलं आणि तिला आवाज सापडला. लहानसर चणीचा, गळ्याची हाडं वर आलेला पोरगा. हा इतका बारीक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"कुलदीप," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. त्यानंही आवाजच ओळखला. हातातली पत्रावळ तशीच धरून तो उभा राहिला.

देवरावमामा पुढं आला. "कोण तुमी?"

"मी अकोल्याची अनीसा. त्या गेमची लीग माही हाय." मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं आवाज चढवला. "ह्या पोरानं त्या दिवशी मले फोन करून सुट्टी मांगतली होती. घरी मौत झाली म्हणून सांगतलं. मीच ऐकलं नाही. घरच्या मोठ्या माणसाचा फोन आल्याबिगर सुट्टी नाही, असा नेम केला होता मी. हा खोटं बोलून राहिला असं वाटलं मले. तो खेयाले बसला ते माह्यापायी. जे बोलाचं ते मले बोला, त्याले नोका बोलू."

देवरावनं उपरण्यानं तोंड पुसलं, कुलदीपपाशी गेला आणि त्याच्या मुंडल्या डोक्यावर हात ठेवला. कुलदीपचा चेहरा वाकडा झाला आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. अनीसाला वाटलं, आपण आलो ते काम झालं. छातीवरचं ओझं थोडं हललंसं तिला वाटलं.

भिंतीशी बायकांमध्ये खुशालरावची बायको जमुना बसली होती. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. तिथून उठून ती हळूहळू पुढं आली. इतके दिवस ती पोराशी एक अक्षर बोलली नव्हती. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घरच्या मोठ्या माणसानं फोन कराचा होता?" तिनं विचारलं.

कुलदीपनं मान डोलावली.

"काय सांगाचं होतं फोनवर?"

"बाबा गेले म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी तिथंच बसून होती, त्या लिंबाखाली. तुह्या बाजूले." तिचा आवाज चढला नाही. "माहा नवरा मेला होता. मले बोलता येत नोहतं काय?"

कुलदीप पायांकडे बघत राहिला. जमुना अनीसाकडं वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर अनीसानं तो सोसला असता.

"अन् बाई," ती म्हणाली, "तुमी तर बाईमाणूस. तुमी तरी म्हणाचं होतं त्याले, का मायजवळ दे फोन."