चार ते चार

माझं डोकं तापायला सोलापूरचं ऊन लागत नाही, संगणक पुरतो. त्या उन्हाळ्यात तर तो माझ्या मुळावरच उठला होता. कमिटीपुढे प्रयोग फसला तर पीएचडीचा विषय बदला, असं आमच्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

काम सांगायला सोपं आहे. माहिती हवेतून पाठवताना ती लहरींवर ठरावीक पद्धतीने चढवतात; त्या पद्धतीला मॉड्युलेशन म्हणतात. पडद्यावर ती ठिपक्यांसारखी दिसते. कुठे चार ठिपके, कुठे सोळा, कुठे चौसष्ट. आम्ही दोन अँटेनांवरून दोन सिग्नल एकदम सोडायचो. एकाच अंगणात दोघींनी एकीवर एक रांगोळी काढावी आणि वरून वारा सुटावा, तसा तो गोंधळ. पलीकडच्या चार अँटेनांनी तो टिपायचा आणि कुठली रांगोळी किती ठिपक्यांची, हे माझ्या प्रोग्रॅमने कुणी न सांगता ओळखायचं.

सिग्नल सोडायला माझी मैत्रीण बसायची, आमच्याच विभागात शिकवणारी. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि दारात रोज ही एवढी मोठी रांगोळी. ती व्हरांड्यात, मी आत लॅबमध्ये. पंख्याच्या घरघरीत फोनवर ती इंग्रजी नावं धड कळायची नाहीत, म्हणून आम्ही ठिपक्यांतच बोलायचं ठरवलं. मी म्हणायचे, "दोन्हीवर चार सोड." प्रोग्रॅम म्हणायचा, सोळा. पुन्हा चार, पुन्हा सोळा. मी सोळा सोडायला लावलं की तो तर काहीच्या बाही बरळायचा. आठवडाभर मी त्याला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

कमिटीच्या दिवशी बाहेरून परीक्षक बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, बोलणं सगळं इंग्रजीत. मी फोनवर चार सांगितलं. पडद्यावर सोळा. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझा तोल गेला.

"अगं, चार म्हणलं की मी!"

फोनचा स्पीकर चालू होता. "चारच सोडलंय की! चार ते चार!"

बाई फक्कन हसल्या. सर आणि बाकीचे पुरुष एकमेकांकडे बघत बसले. रांगोळीत चार ते चार म्हणजे एका ओळीत चार ठिपके, अशा चार ओळी. एकूण सोळा. आणि मी सोळा म्हटलं की ही बया सोळा ते सोळा, म्हणजे दोनशे छप्पन्न ठिपके सोडत होती, जे मी प्रोग्रॅमला कधी शिकवलेच नव्हते. तिचा गळा धरावा की प्रोग्रॅमच्या पाया पडावं, मला कळेना.

सर काही बोलणार तोच बाई उठल्या. असं चुकून जुळलेलं मी धरणार नाही, म्हणाल्या. आता सिग्नल त्या स्वतः सोडणार होत्या, आणि काय सोडला ते सांगणार नव्हत्या. त्या व्हरांड्यात गेल्या.  आता चुकलं तर बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

पडद्यावर उत्तर उमटलं. मी फोनवर वाचलं, "एकावर चार, एकावर चौसष्ट. एकूण ठिपके, मॅडम. ओळीतले नाही."

 मग सकाळपासून इंग्रजी झाडणाऱ्या त्या बाई ओरडल्या, "व्हय की गं पोरी! बरुबर हाय!"

मी सरांसमोर, अख्ख्या कमिटीसमोर भोकाड पसरलं.