चौथा सड वासराचा

बसम्मा आज गोठ्यातच झोपली असेल, हे काही केल्या मनातून जात नाही. साठीला आलेली बाई, गुडघे धरलेले, आणि उशाला गोऱ्हा. सकाळी टेम्पो येणार आहे. तो रिकामा परत जावा म्हणून हाताला दावं गुंडाळून पडली असेल.

बसम्मा आमच्या गल्लीची दूधवाली. लग्न होऊन किल्लारीजवळच्या एका गावात गेली होती. भूकंपाच्या पहाटे गाय व्यायला झाली, म्हणून तान्ह्या सिद्धलिंगला कुशीत घेऊन ती अंगणात बसली होती. मागे दगडमातीचं घर नवरा आणि सासूसकट खाली आलं. त्यानंतर गाईने गोऱ्हा दिला. पुढे त्याच गोऱ्ह्याचा बैल झाला, दुसऱ्याच्या बैलाबरोबर त्याला जुंपून तिने लोकांची रानं पेरली आणि पोर वाढवलं. "सगळी गेली त्या दिशी, येणारा त्यो गोऱ्हा एकटाच," असं ती अजून म्हणते.

पुनर्वसनात घर मिळालं, पण ओळीतलं. गोठ्याला जागाच नव्हती. म्हणून ती गाय-वासरू घेऊन लातूरच्या कडेला भावाच्या मोकळ्या जागेत आली. तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या. मग क्लास आले, क्लासमागे होस्टेलं आली, मेस आल्या. बसम्मा जागची हलली नाही, शहरच तिच्या दारात आलं. दुष्काळात रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात तिने गाई औशाला बहिणीकडे नेऊन ठेवल्या, पण विकल्या नाहीत.

तिची एक रीत आहे. तीन सड पिळायचे, चौथा वासराचा. मग ती कालवड असो नाहीतर गोऱ्हा. सिद्धलिंग आता मेस चालवतो, त्याला दूध पुरत नाही. "गोऱ्ह्याला कशाला पाजत बसतीस?" म्हणून तो चिडतो. त्याचंही अगदीच चूक नाही. शेतात ट्रॅक्टर आले, बैल कुणाला नको आणि कायद्यामुळे विकायचीही सोय उरली नाही. गोऱ्हा झाला की लोक अंधारात रिंगरोडला सोडून येतात.

आत्ताचा गोऱ्हा अस्सल देवणी जातीचा. पांढरं अंग, काळं तोंड. होस्टेलच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलंय रँकर. मुदखेडची बुद्धप्रिया प्रत्येक टेस्टला जाताना त्याच्या कपाळाला हात लावते. "आजी, याला हात लावला की फिजिक्स सोपं जातं."

"मग त्यालाच बसीव की पेपरला," बसम्मा म्हणाली.

पण त्याच होस्टेलने तक्रारही केली. शेणाने नाली तुंबते, डास होतात. तक्रार खोटी नाही. ती नाली माझ्या खिडकीखालूनच जाते. शेवटी सिद्धलिंगने तोड काढली: गाई राहतील, शेण रोज एक नर्सरीवाला नेईल, पण गोऱ्हा गेला पाहिजे. त्याच्या जागेवर क्लासच्या पोरांना भाड्याने द्यायला एक खोली निघते.

संध्याकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा मायलेकांचं हेच चाललं होतं.

"टेम्पोवाला कुठं नेणार हाय त्याला?"

"सोडंल कुठं तरी. चारा काय, सगळीकडं हाय."

"सगळीकडं प्लास्टिकच्या पन्न्या हायत. पन्न्या खाऊन मरंल त्यो."

"आई, त्यो काय दूध देणार हाय का?"

"तू कवा दूध दिलास रे? तुला बी ठेवलंच की!"

सिद्धलिंगलाही हसू आवरलं नाही. पण टेम्पो काही त्याने रद्द केला नाही. बसम्माने माझ्या भांड्यात दूध ओतलं आणि वर न बघता म्हणाली, "बाई, तुमचं शिकलेलं घर. काय तरी सुचवा."

मी भांडं उचललं. घरी आले, दूध तापत ठेवलं आणि मनस्विनीचं बोलणं आठवलं.

मनस्विनी माझी मुलगी. याच गल्लीतल्या क्लासला दोन वर्षं गेली. एमबीबीएसला मार्क कमी पडले, तर स्वतःहून उदगीरला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला. फोनवर माझे प्रश्न ठरलेले: जेवलीस का, लाथ तर नाही ना बसली. त्यांच्यामधून ती आपलं सांगत असते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "आई, कॅम्पला चार गावं फिरलो. देवणी गाई आहेत, पण चांगला वळू एकाकडेही नाही. सगळ्यांनी गोऱ्हे सोडून दिलेत. उदगीरजवळ नरसिंगमामा म्हणून एक शेतकरी आहेत, ते जातिवंत गोऱ्ह्यासाठी वणवण फिरतायत."

त्यावर मी विचारलं होतं, "गोठ्यात बूट घालतेस ना?"

रँकर नरसिंगमामांना पसंत पडेल की नाही, मला ठाऊक नाही. पण वळू निवडताना विचारतात ते, त्याची आई, आजी, कोण किती दूध देत होती, सगळं बसम्माला तोंडपाठ आहे. न्यायला कागद काय लागतात ते मनस्विनी सांगेल. ते होईपर्यंत सिद्धलिंगला थांबवायचं काम माझं. टेम्पो त्याने ठरवलाच आहे, तर रिंगरोडला कशाला, उदगीरलाच जाऊ दे.

मनस्विनी पहाटे अभ्यासाला उठते. टेम्पो यायच्या आधी तिला फोन लावणार आहे. आधी गोऱ्ह्याचं विचारीन. बुटांचं मागून.