तांबड्या शाईतला खोडवा

नोकरी लागली त्या दिवशी करुणानं आईला दोन गोष्टी सांगितल्या. कंपनी पुण्याची असली तरी काम बारामतीच्या शाखेत आहे, ही एक. आणि काम सल्ला द्यायचं आहे, ही दुसरी. तुळसाला पहिली लगेच पटली. दुसरीवर तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "कुणाला?"

"साखर कारखान्यांना, दूध संघांना. त्यांचं काम कॉम्प्युटरवर कसं आणायचं ते आमची कंपनी सांगते."

"अन ते ऐकत्यात?"

करुणा हसली. खरं तर हे तिलाही अजून माहीत नव्हतं.

सत्त्याण्णव साल होतं. वरकुट्यातून कॉलेजला गेलेल्या मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. त्यांतल्या दोघी शिक्षिका झाल्या होत्या, बाकीच्यांची लग्नं झाली होती. करुणा इंदापूरला बी. कॉम. झाली आणि बारामतीत सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. तिचे वडील कचरू यांनी कोर्ससाठी शेळ्या विकल्या, पण त्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. शेळ्यांची जागा झाडून त्यांनी तिथं मिरच्या लावल्या. विषय संपला.

तुळसा ऊस लागणीच्या टोळीची मुकादम होती. दहाबारा बायका घेऊन आसपासच्या चार-पाच गावांत लागण करायची. चिखलात वाकून पायानं टिपरं, म्हणजे उसाच्या बेण्याचे तुकडे, दाबत दिवसाला एकर-दीड एकर उरकायचा. ती शाळेत गेलेली नव्हती, पण कुठल्या रानात कधी लागण झाली हे तिला वर्षानुवर्षं पाठ असे. करुणा सुट्टीत तिच्या मागं टिपऱ्यांची पाटी घेऊन चालायची. तेव्हा ऐकलेलं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तोडलेल्या उसाच्या बुडख्याला नवे कोंब फुटून दुसरं पीक येतं, तो खोडवा. तुळसा म्हणायची, "खोडव्याचं वय लागणीपासनं मोजत न्हाईत. ऊस तुटला त्या दिशी त्यो जन्माला येतो."

बारामतीच्या शाखेत करुणा धरून सात माणसं होती. सहा जणांच्या नावाखाली 'कन्सल्टंट' छापलेली कार्डं होती. करुणाला कार्ड नव्हतं. ती सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होती. दिवाळीला ते भरत होते, आणि त्यानंतर कायमचं पत्र किंवा घरी परत. शाखेचा प्रमुख रविराज पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला, तिशीतला, हुशार आणि कामाला वाघ. प्रोग्रॅम तोच लिहायचा. त्यानं पहिल्याच दिवशी करुणाला शाखेचा नियम सांगितला होता. आपली चूक झाली तर ती क्लायंटसमोर बोलायची नाही. गाडीत बसल्यावर बोलायची. आणि क्लायंटसमोर नीट मराठी बोलायचं.

करुणाकडं दोन पंजाबी ड्रेस होते. एक अंगात, एक दोरीवर. बारामतीतल्या खोलीत ती रात्री धुतलेला ड्रेस घडी करून गादीखाली ठेवी, तीच इस्त्री. ही खोली तिसऱ्या ठिकाणी मिळाली होती. आधीच्या दोन घरमालकिणींनी आडनाव ऐकल्यावर खोली आधीच दिली असल्याचं सांगितलं. तिसरीनं आडनाव विचारलंच नाही. तिनं फक्त मुलगी पाणी किती वापरते ते विचारलं. करुणाला ती बाई तेवढ्यावरच आवडली.

सप्टेंबरात कंपनीला इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्याचं काम मिळालं. गळीत हंगामात कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा नंतर, याची यादी कारखान्याचं शेतकी खातं करी. जुना ऊस आधी, कोवळा नंतर. वर्षानुवर्षं ही यादी हातानं व्हायची, आणि दरवर्षी तिच्यावरून भांडणं व्हायची. अमक्याचा ऊस वाळून गेला, तमक्याचा ओळखीनं आधी गेला. आता यादी कॉम्प्युटर करणार होता. कॉम्प्युटरला ओळखपाळख नसते, असं शेतकी अधिकारी संभाजीराव सगळ्यांना सांगत होते.

रविराजनं दोन दिवस कारखान्यात काढले. नोंदीच्या रजिस्टरचे छापील रकाने उतरवून घेतले: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. त्यावरून प्रोग्रॅम लिहिला. मग नोंदी भरायला करुणाला पाठवलं. रोज सकाळी एसटीनं भवानीनगर, तिथं गाडी बदलून पुढं.

रजिस्टरं सांभाळायचं काम सावळाराम आबांकडं होतं. एकतीस वर्षं नोकरी, दोन वर्षांवर निवृत्ती. पहिल्या दिवशी त्यांनी करुणाला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग क्षणभर गप्प राहिले. तो क्षण करुणाच्या ओळखीचा होता. मग त्यांनी टेबलावरून रजिस्टरं तिच्याकडं सरकवली आणि म्हणाले, "पानं मुडपायची न्हाईत. थुकी लावून उलटायची न्हाईत."

कॉम्प्युटरच्या खोलीला कारखान्यातला एकुलता एक एसी होता. चपला बाहेर काढून आत जायचं. दसऱ्याला शेतकी खात्याच्या लोकांनी कॉम्प्युटरची पूजा केली. झेंडूची माळ घातली आणि पडद्याला हळदकुंकू लावलं. रविराज ओल्या रुमालानं कुंकू पुसत राहिला, पण एका कोपऱ्यात ते तसंच राहिलं. त्यानंतरचा आठवडाभर करुणा त्या लाल ठिपक्याकडं बघत नोंदी भरत होती.

अकराशे नोंदी होत्या. पहिल्या चार दिवसांतच तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच ओळींच्या शेवटी, शेऱ्याच्या जागी, आबांनी तांबड्या शाईनं एक तारीख लिहिलेली असते आणि शेजारी फक्त 'खो.' एवढंच. तिनं रविराजला विचारलं. तो घाईत होता. म्हणाला, "छापील रकान्यात आहे तेवढंच भर. बाकी जुन्या खाडाखोडी असतात."

करुणानं तेवढंच भरलं. पण शंभर पानी वहीत तिनं ते तांबडं वेगळं लिहून काढलं. पान नंबर, ओळ, तारीख. डबा खाऊन उरलेल्या वेळात, रोज थोडं थोडं. कशासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. लागणीला गेल्यावर तुळसा उरलेली टिपरी फेकायची नाही, बांधाला झाकून ठेवायची. तसंच काहीसं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी यादी निघाली. प्रिंटर अर्धा तास करकरत होता. रविराजनं कागदाच्या कडेची भोकांची पट्टी फाडली, गठ्ठा नीट केला आणि संभाजीरावांच्या पुढं ठेवला. संध्याकाळी याच्या प्रती कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांना जाऊन फळ्यावर लागायच्या होत्या. संभाजीरावांनी पहिलं नाव वाचलं, भुवया उंचावल्या आणि कागद आबांकडं दिला.

आबांनी चष्मा लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"गेणबाचा ऊस पयला? त्याला अजून कांडं धरंना. तोडीची टोळी काय जनावरांला वाडं कापायला धाडायची?"

खोलीतले दोन कारकून हसले. संभाजीराव हसले नाहीत. रविराजनं यादी हातात घेतली, एकदा वरून खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "एंट्री करताना तारीख चुकलेली दिसते. आमची ऑपरेटर नवीन आहे. मी दुरुस्त करून घेतो."

सगळ्यांनी करुणाकडं पाहिलं.

पत्राला दहा दिवस राहिले होते. नियम तिला पाठ होता: गाडीत बसल्यावर बोलायचं. पण रविराज आता फक्त गेणबाची तारीख बदलणार, यादी पुन्हा छापणार आणि उरलेले चारशे खोडवे तसेच फळ्यावर लागणार. कुणाचा कोवळा ऊस तुटेल, कुणाचा तयार ऊस वाळेल. आणि या खोलीत कायमचं ठरेल, की चूक कचरूच्या पोरीची.

"सर, एंट्री चुकलेली नाही," ती म्हणाली.

"करुणा, आपण नंतर बोलू."

"तारीख रजिस्टरमधलीच आहे. पंच्याण्णव सालच्या लागणीची. पण तो ऊस गेल्या मार्चात तुटला, आता आहे तो त्याचा खोडवा. खोडव्याची तारीख आबांनी तांबड्या शाईनं शेऱ्यात लिहिलीय. ती घ्यायला प्रोग्रॅममध्ये जागा नाही."

रविराजचे कान लाल झाले. "मग हे आधी सांगायचं."

"पहिल्या आठवड्यात विचारलं होतं सर."

करुणानं पिशवीतून वही काढली आणि आबांसमोर टेबलावर ठेवली.

आबांनी वही उघडली नाही. ती परत तिच्याच हातात दिली, स्वतः रजिस्टर उघडलं आणि पानावर आडवा तळवा ठेवला. "एकशे बारा. तिसरी वळ."

"खोडवा. अकरा मार्च."

"एकशे चाळीस. खालनं दुसरी."

"खोडवा. चोवीस जानेवारी."

असं आठ-दहा वेळा झालं. एकदा तिनं एक फेब्रुवारी म्हटलं आणि आबांनी मान हलवली. "नऊ हाय त्यो. माझा नऊ असाच असतो." करुणानं तिथंच पेननं दुरुस्त केलं. आबांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढून पुसला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं.

"तू कुणाची म्हणलीस?"

"वरकुट्याच्या तुळसाची."

"लागणीची टोळी हाय तिची?"

"व्हय," करुणा म्हणाली. नीट मराठी तिला त्या वेळी आठवली नाही.

आबा संभाजीरावांकडं वळले. "सायेब, गेणबाच्या रानात लागण हिच्या आईनंच केलीया. दिवस इचारा तिला, घडाघडा सांगंल. मला रजिस्टर उघडावं लागतं, तिला न्हाय लागत."

संभाजीरावांनी दोन दिवस दिले. रविराजनं त्याच टेबलाशी बसून प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवला, आणि मानलं पाहिजे, की त्यानं ते काम मन लावून केलं. करुणा वहीतून खोडव्याच्या तारखा भरत गेली. आबा शेजारी खुर्ची ओढून प्रत्येक ओळ रजिस्टरशी ताडून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी यादी पुन्हा निघाली. पहिलं नाव शहाण्णवच्या जुलैत लागण झालेल्या उसाचं होतं. आबांनी सगळी पानं वाचली, त्यात पाऊण तास गेला, आणि शेवटच्या पानावर तांबड्या शाईनं सही केली.

परतीच्या जीपनं भवानीनगर मागं टाकलं. मग रविराज म्हणाला, "मी तसं म्हणायला नको होतं."

"कसं, सर?" करुणानं विचारलं. तिला कळलं होतं. पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"एंट्री चुकली म्हणालो ते." पाठोपाठ तो म्हणाला, "पण तू हे गाडीत सांगू शकली असतीस."

"गाडीत सांगितलं असतं तर यादी फळ्यावर लागली असती."

त्यानं ड्रायव्हरला चहासाठी थांबायला सांगितलं.

दिवाळीला पत्र आलं नाही. करुणा वरकुट्याला गेली, करंज्या तळल्या, भिंत सारवली आणि पत्राचा विषय कुणी काढला नाही. कचरू मात्र रोज पोस्टमनच्या वेळेला कोपऱ्यावरच्या पिंपरणीखाली जाऊन बसायचे आणि सावली चांगली आहे म्हणायचे. तिची सुट्टी संपून ती बारामतीला परत गेली, तेव्हा पत्र ऑफिसातल्या टेबलावरच होतं. पुण्याहून आलं होतं, शिक्का एक आठवड्यापूर्वीचा. सोबत शंभर कार्डांचा एक खोका. वर तिचं नाव होतं आणि नावाखाली तोच शब्द, जो बाकी सहा जणांच्या कार्डावर होता. पुढच्या खेपेला घरी गेल्यावर त्यातलं एक कार्ड तिनं वडिलांना दिलं. त्यांनी ते रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

पुढच्या वर्षी कंपनीनं नवीन कारखान्यात गेल्यावर आधी विचारायच्या प्रश्नांचा एक छापील तक्ता केला. सव्वीस प्रश्न रविराजचे होते. सत्ताविसावा करुणाचा: 'रजिस्टरमध्ये हातानं किंवा वेगळ्या शाईनं काही लिहिलेलं आहे का? ते कोण लिहितं, आणि त्यांच्याशी बोललात का?' त्यानंतर कुठंही नवीन काम निघालं, की रविराज पहिल्या दिवशी तिला पाठवायचा आणि स्वतः दोन दिवसांनी जायचा. हे त्यानं कधी नियम म्हणून सांगितलं नाही, पण शाखेत तो नियमच झाला.

हा तक्ता करुणानं आईला वाचून दाखवला. तुळसानं सगळे सत्तावीस प्रश्न ऐकून घेतले आणि शेवटचा तेवढा बरा आहे, असं मत दिलं.

त्या जुलैत वरकुट्याच्या शेजारच्या गावात एका मोठ्या रानात लागण चालू होती. तुळसाच्या टोळीत नकोशी नावाची एक जण होती, जिभेला धार असलेली. तिनं सरीत टिपरं दाबत विचारलं, की एवढी शिकलेली पोर एसीत बसती, अन आई अजून चिखलात कशी.

"तिचं काम येगळं, माजं येगळं," तुळसा म्हणाली. "कारखान्याला ऊस कवा तोडायचा ते माझी पोर सांगती."

"अन तिला कोण सांगतं?"

तुळसानं कंबर सरळ केली, लावून झालेल्या सऱ्यांकडं मागं वळून पाहिलं.

"मी," ती म्हणाली, आणि पुढची पाटी मागितली.