मायला न ओळखणारा सेन्सर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा पाळणारं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कधी अंगारा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्यात मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय आणि त्याहून जास्त राग येतोय... कारण सेन्सर मीच निवडला, मीच बसवला.

दादा गेल्यावर माय औशाजवळच्या आमच्या गावी एकटीच राहायची. दिवाळीनंतर एकदा अंधारात स्विच चाचपडताना पडली, मनगट मोडलं. म्हटलं आता बास, हिला कायमचं इकडंच आणायचं. आली, पण बॅग काही रिकामी केली नाही. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हावं माणसानं?" हे रोजचं. तिला स्विच शोधावाच लागू नये म्हणून मी तिच्या खोलीत सेन्सर लावायचं ठरवलं. माणूस आत असला की लाईट-पंखा चालू, बाहेर गेला की बंद. सोपं काम.

पहिला साधा आणला, हालचाल ओळखणारा. मनगट बरं झाल्यापासून माय दुपारभर खिडकीपाशी वाकळ शिवत बसायची. ती हलणार किती... पाच मिनिटांनी पंखा बंद. तोही मे महिन्यात, नांदेडला. चूक माझीच, स्वस्थ बसणाऱ्या माणसासाठी तो नसतोच. नवा येईपर्यंत मी तिला सांगितलं, "माय, मधून मधून हात हलवत जा." आणि ती बिचारी सुई बाजूला ठेवून, वर बघून हात हलवायची.

मग रडारवाला आणला. हा नुसत्या श्वासावरून माणूस ओळखतो. मी मायच्या जागेवर बसले, दिसले. सतीश, माझा नवरा, बसला, तोही दिसला. माय बसली... ॲपवर "खोली रिकामी". सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली. भिंतीवरून काढून छताला लावला. तर पातळ भिंतीपलीकडं भांडी घासणाऱ्या शेजारीणबाई दिसायला लागल्या, दोरीवरची साडी हलली तरी दिसायला लागली, आणि समोर बसलेली माय नाही. दुसऱ्या कंपनीचा आणला. तेच. माझं डोकंच फिरलं. स्टुलावर उभी राहून, हातात स्क्रू ड्रायव्हर, मी तिच्यावर खेकसले, "अगं, हलव ना हात नीट!"

मायनं हात खाली घेतला. "आठ दिस झाले सुजाता, मी हाय म्हणून हात हलवून दाखवायले. दिसंना त्याला तर ऱ्हाऊ दे. जाते मी."

खरं तर तो सेन्सर काढायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मी काय केलं? तिला रडार कसं चालतं ते समजावत बसले. तिसऱ्या दिवशी सतीशनं तिची ती कधीच रिकामी न झालेली बॅग उचलली आणि तिला लातूरच्या बसमध्ये बसवून दिलं.

ती जाऊन चार दिवस झाले असतील. मी लॅबमध्ये होते, दुपारचे दोन. मोबाईलवर मेसेज आला, "मायची खोली : व्यक्ती उपस्थित." संध्याकाळी... नाही, चार वाजताच घाईनं घरी आले. खोलीचं दार बंद, आत लाईट आणि पंखा चालू. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच, दोन ते साडेचार. मी सेन्सर रिसेट केला, पंख्याची वायर सोडवली, साडीची दोरी काढली. शेजारीणबाई तर माहेरी बिलोलीला गेलेल्या. शेवटी खिडकीचा निळा पडदा काढून कपाटात टाकला, म्हटलं हाच हलत असणार. त्या दुपारी रजा टाकली आणि दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. दोनला लाईट लागला. ॲपवर ठिपका, खिडकीपाशी, एकाच जागी. खोलीत कुणी नव्हतं.

वैतागून मी मायलाच फोन लावला. जयभीम झाला, तब्येत झाली. "काय करायलीस?" मी विचारलं.

"काय करनार, वाकळ शिवत बसले. हात हितं चालतेत, ध्यान मातर तुझ्या घरातच." मग म्हणाली, "सुजाता, पडदा कामून काढलीस? ऊन लई यायलंय डोळ्यावर."

पडद्याचं मी कुणालाच बोलले नव्हते. सतीशलाही नाही.

सतीश म्हणतो सेन्सर खराब आहे, परत पाठव. असेलही खराब. मला आजपर्यंत काही कळलेलं नाही, आणि कृपा करून कुणी मला वायफायचा अडथळा, उंदीर, वारा असलं काही सांगू नका, ते सगळं तपासून झालंय. राग येतो तो माझाच येतो. माय सहा महिने समोर बसली होती आणि मी ॲपकडं बघत राहिले. रविवारी गावी जाणार आहे, ती येते का विचारायला. सेन्सर मात्र काढणार नाही.

त्या दुपारी फोन कानाला तसाच धरून मी कपाटातून पडदा काढला, खिडकीला परत लावला आणि विचारलं, "आता गं?"

"हाव," माय म्हणाली, "आता बरं हाय."